'डार्केस्ट अवर': चर्चिल विरुद्ध हॅलिफॅक्स, सामना दुसरा

अर्धविराम

'डार्केस्ट अवर'चा (२०१७, दिग्दर्शक जो राइट) विषय निघाला की बोलणं गॅरी ओल्डमनपाशी सुरू होतं आणि तिथेच संपतं. तो चर्चिल झालाय हे खरंच आहे, त्याचं ऑस्करही मिळालं. मला मात्र हा सिनेमा एका खोलीचा वाटतो. मे १९४०, पाच जणांचं युद्ध मंत्रिमंडळ, सिगारचा धूर आणि एकच प्रश्न: हिटलरशी बोलून बघायचं की नाही?

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. (ऐंशी वर्षांपूर्वीच्या इतिहासाला स्पॉयलर म्हणू नये ही विनंती.) नॉर्वेची मोहीम फसली. त्यावर ७ आणि ८ मेला ब्रिटिश संसदेत रणकंदन झालं. पंतप्रधान चेंबरलेनच्या सरकारनं मतदान २८१ विरुद्ध २०० असं जिंकलं, पण स्वपक्षातले इतके लोक उलटले की जिंकूनही गेलं. खरं तर त्या मोहिमेच्या वेळी नौदलमंत्री होता खुद्द चर्चिल, आणि खुर्ची मिळाली त्यालाच. १० मेला हिटलरनं हॉलंड, बेल्जियम, फ्रान्सवर धाड घातली आणि त्याच संध्याकाळी चर्चिल पंतप्रधान झाला. पक्षातल्या अनेकांना तो नको होता, राजाची पसंती हॅलिफॅक्सला होती. पुढच्या दोन आठवड्यांत फ्रान्स खचला, तिथलं ब्रिटिश सैन्य समुद्राकडे रेटलं गेलं आणि डंकर्कला अडकलं. २६ ते २८ मे या तीन दिवसांत मंत्रिमंडळाच्या नऊ बैठका झाल्या. परराष्ट्रमंत्री हॅलिफॅक्सचं म्हणणं असं की मुसोलिनीला मध्ये घालून अटी काय मिळतात ते तरी पाहू, स्वातंत्र्य शाबूत राहत असेल तर पोरं का मारायची? चर्चिलचं म्हणणं, एकदा त्या टेबलाशी बसलो की उठता येणार नाही.

दिग्दर्शकानं आणि छायालेखक ब्रुनो देलबोनेलनं हे सगळं कोंदटपणातून दाखवलंय. चर्चिल सतत कशात तरी कोंडलेला दिसतो, कधी लिफ्टमध्ये, कधी टेलिफोनच्या खोपटात. संसदेत अंधार आणि वरून उतरणारा उजेडाचा एक पट्टा. बोलपट या शब्दाला जागणारा सिनेमा आहे, माणसं नुसती बोलतात, आणि तरी खुर्चीला खिळून राहतो आपण.

आणि मग येते ती भुयारी रेल्वे. द्विधा मनःस्थितीतला चर्चिल मोटारीतून उतरून चक्क ट्यूबमध्ये शिरतो, डब्यातल्या सामान्य लोकांना विचारतो की तह करायचा का. सगळे एकसुरात 'कदापि नाही' म्हणतात आणि याला बळ येतं. असं काहीही घडलेलं नाही. काल्पनिक प्रसंग घालायला माझी ना नाही, चरित्रपटात ते चालायचंच. पण इथे लेखक-दिग्दर्शकाचा स्वतःच्या खोलीवरचा विश्वास उडालेला दिसतो. प्रत्यक्षात २८ मेच्या संध्याकाळी चर्चिलनं युद्ध मंत्रिमंडळाबाहेरच्या पंचवीसेक मंत्र्यांना संसदेतल्या आपल्या खोलीत बोलावलं, परिस्थिती उघड सांगितली, लढणार म्हणाला, आणि ती माणसं उठून त्याच्या पाठीवर थाप मारायला पुढे आली. त्यांतल्याच एका मंत्र्याच्या, ह्यू डाल्टनच्या, रोजनिशीत ते आहे. एवढं नाट्य आयतं हातात असताना लोकलचा डबा कशाला हवा?

आता मुद्द्याचं. भारतीय प्रेक्षकाला ही खोली परकी नाही. हॅलिफॅक्स म्हणजे आपला लॉर्ड आयर्विन, १९२६ ते १९३१ चा व्हाइसरॉय. त्यानं गांधीजींना चर्चेला बोलावलं आणि ५ मार्च १९३१ ला करार केला. त्या वेळी त्याच्यावर सगळ्यात जास्त कोण चवताळलं होतं? चर्चिल. 'अर्धनग्न फकीर' ही शिवी त्याच प्रसंगातली, फेब्रुवारी १९३१ ची. भारताच्याच प्रश्नावर त्यानं जानेवारीत पक्षाच्या नेतेमंडळातून अंग काढून घेतलं होतं. म्हणजे हे दोघे नऊ वर्षांपूर्वी हाच सामना खेळून बसले होते. समोरच्याशी बोलायचं, हे आयर्विनचं म्हणणं. अजिबात नाही, हे चर्चिलचं. १९३१ मध्ये समोर गांधी होते, १९४० मध्ये हिटलर. दोघांनीही आपला हेका सोडला नाही, आणि त्यामुळे प्रत्येक जण एकदा बरोबर ठरला, एकदा चुकला.

सिनेमात भारत किती येतो? राजा चर्चिलच्या घोडचुकांची यादी वाचतो (गॅलिपोली, सुवर्णमान, राजत्यागाचं प्रकरण वगैरे) तेव्हा 'भारताबद्दलचं धोरण' एवढाच उल्लेख येतो. झालं. हा पहिला सामना माहीत नसेल तर हॅलिफॅक्स नुसता घाबरट वाटतो आणि चर्चिल नुसता द्रष्टा. तुम्हाला काय वाटतं?

---

आळशीराजा

बघायचा राहिलाय. वाचनखूण साठवली. आता नक्की बघणार, असं दर वेळी म्हणतो.

---

खादाड बोका

मेकअपबद्दल एक ओळही नाही? काझुहिरो त्सुजी या माणसानं सिनेमाचा मेकअप सोडून शिल्पकला धरली होती, ओल्डमननं गळ घालून परत आणलं. त्यालाही ऑस्कर मिळालं, दोन सहकाऱ्यांसह. ओल्डमनसारख्या सडपातळ माणसाचा तो गोळा करायचा आणि तरी डोळे त्याचेच ठेवायचे, सोपं नाही. आणि इतके सिगार ओढले की निकोटीनची विषबाधा झाली असं ओल्डमननंच सांगितलंय. तरी आमचं लक्ष त्या न्याहारीच्या ताटावर. अंथरुणात बसून अंडी, बेकन आणि सोबत व्हिस्की. राजयोग.

---

तिरकस

लेख चांगला आहे, पण शेवटी नायक तो नायकच राहिला ना? 'एकदा बरोबर, एकदा चुकला' म्हणजे काय, क्रिकेटचा स्कोअर आहे का हा? १९४३ मध्ये बंगालात माणसं रस्त्यावर पडून मेली तेव्हा याच माणसाच्या मंत्रिमंडळानं धान्याची जहाजं नाकारली. सरकारी चौकशी आयोगाचा आकडा १५ लाख, नंतरच्या अभ्यासकांचा ३० लाखांच्या आसपास. दोन तास त्याचे पाणावलेले डोळे बघायचे आणि टाळ्या वाजवायच्या हे मला जमत नाही. हाच सिनेमा एखाद्या बंगाली माणसानं काढला असता तर 'डार्केस्ट अवर'चं साल १९४० नसतं.

---

कृष्णाकाठ

अहो अर्धविराम, हॅलिफॅक्स म्हणजे आमच्या पुलाचा आयर्विन होय! आम्ही सांगलीकर जन्मभर हे नाव घेतो. १९२९ मध्ये लॉर्ड आयर्विनच्या हस्ते पुलाचं उद्घाटन झालं. पावसाळ्यात अख्ख्या जिल्ह्याचा जीव त्या पुलाशी टांगलेला असतो, आयर्विनला पाणी किती फूट? चाळीसला इशारा, पंचेचाळीसला धोका. २०१९ ला सत्तावन्नच्या वर गेलं तेव्हा आम्ही माळ्यावर होतो. पण हाच आयर्विन पुढे नाव बदलून, म्हणजे वडिलांची पदवी घेऊन, हॅलिफॅक्स झाला आणि हिटलरशी बोलणी करा म्हणत बसला, हे खरंच डोक्यात जोडलेलं नव्हतं. सिनेमा बघितला तेव्हा त्याला दोन तास शिव्या घातल्या होत्या मी. पूल मात्र पक्का बांधलाय हो.

एक शंका. गांधींशी बोलला म्हणून हिटलरशी बोलावं, असं त्याला का वाटलं असेल? दोघांत काही साम्य तरी?

---

अर्धविराम

कृष्णाकाठ, ही शंकाच खरी मोलाची आहे. माझा तर्क असा की आयर्विनला भारतात एक अनुभव आला. सगळे ज्याला अडेलतट्टू म्हणतात त्याला समोर बसवलं, माणूस म्हणून वागवलं, तर मार्ग निघतो. तुरुंगातून सोडलेल्या गांधींशी तो व्हाइसरॉयच्या वाड्यात दिवसचे दिवस बोलला आणि करार झाला. त्या यशाची सवय लागली असावी.

आणि नोव्हेंबर १९३७ मध्ये तो हिटलरला भेटायला बेर्ख्टेसगाडेनला गेला होता. मोटारीतून उतरताना समोरचा माणूस दरवान समजून त्याच्या हातात कोट देणार, तेवढ्यात कोणीतरी कुजबुजलं की हाच फ्युरर! बोलण्यात भारताचा विषय निघाला तेव्हा हिटलरनं त्याला सल्ला दिला की गांधींना गोळी घाला, तेवढ्यानं भागलं नाही तर काँग्रेसचे डझनभर पुढारी मारा. ज्यानं गांधींबरोबर करार केला त्यालाच हा सल्ला. हॅलिफॅक्सला हे ऐकून किळस आली असणार, तरी अडीच वर्षांनी तोच म्हणतो, अटी काय आहेत ते पाहू. सिनेमात हा कोटाचा प्रसंग असता तर हॅलिफॅक्स झालेल्या स्टीफन डिलेननं त्याचं सोनं केलं असतं.

तिरकस, तुमच्याकडे येतोच.

---

लंडनकर मावशी

छान धागा! मी इथे आलेल्या प्रत्येक पाहुण्याला व्हाइटहॉलखालच्या त्या वॉर रूम्स दाखवायला नेते (आता तिकीट फार महाग झालंय, पुण्याहून येणाऱ्यांनी मनाची तयारी करून यावी). सिनेमात चर्चिल ज्या खोपटातून रूझवेल्टला फोन करतो ते खोपटं तिथे आहे. दाराला संडासाच्या दाराला असते तशी 'रिकामे/व्यग्र' दाखवणारी कडी. कर्मचाऱ्यांना वाटायचं की साहेबांची खासगी सोय आहे! पण अटलांटिकपलीकडची ती सुरक्षित फोनलाइन १९४३ ची. मे १९४० मध्ये दोघांचा व्यवहार मुख्यतः तारेनं चालायचा. मंत्रिमंडळाच्या त्या बैठकासुद्धा तळघरात झालेल्या नाहीत.

फोनवरचा संवाद मात्र सगळाच थापेबाजी नाही. रूझवेल्ट म्हणतो ना, कायद्यानं विमानं देता येत नाहीत, पण सीमेवर आणून उभी करू, तुम्ही घोडे लावून कॅनडात ओढून न्या? तटस्थतेच्या कायद्यातून पळवाट म्हणून खरोखरच विमानं अशी ओढत नेली होती. मला वाटलेलं हा लेखकाचा विनोद.

आणि ट्यूबचं म्हणाल तर सेंट जेम्सेस पार्क ते वेस्टमिन्स्टर हे एकच स्टेशन आहे. दोन मिनिटंसुद्धा लागत नाहीत. त्या डब्यात चर्चिल सगळ्यांची नावं विचारतो, रडतो, कविता म्हणतो. आमची डिस्ट्रिक्ट लाइन रखडते, पण इतकी नाही.

---

बाकीशून्य

मावशींच्या यादीत भर. टंकलेखिका एलिझाबेथ लेटन चर्चिलकडे आली १९४१ मध्ये. म्हणजे ती मे १९४० च्या गोष्टीत नसायलाच हवी. बोटांचा 'व्ही'सुद्धा १९४१ चा. चेंबरलेनला सिनेमात आपला कर्करोग माहीत असतो, प्रत्यक्षात तो कळला जुलैच्या शस्त्रक्रियेत. नोव्हेंबरमध्ये तो गेला. आणि 'त्यानं इंग्रजी भाषेची फौज उभी करून तिला युद्धावर धाडलं' हे शेवटचं वाक्य हॅलिफॅक्सच्या तोंडी घातलंय, ते मूळचं अमेरिकन पत्रकार एडवर्ड मरोचं, तेही १९५४ चं.

पण एका बाबतीत अर्धविराम यांच्याशी मतभेद. चर्चिल डळमळला हे सगळं खोटं नाही. चेंबरलेनच्या रोजनिशीत नोंद आहे की माल्टा, जिब्राल्टर आणि आफ्रिकेतल्या काही वसाहती देऊन या पेचातून सुटता येत असेल तर आपण उडी मारू, असं चर्चिल त्या दिवसांत म्हणाला. हॅलिफॅक्सला चुचकारायला म्हणाला की मनापासून, यावर इतिहासकारांची भांडणं आहेत. २७ मेला हॅलिफॅक्सनं राजीनाम्याची भाषा केली, तेव्हा चर्चिलनं त्याला बागेत फेरी मारायला नेऊन शांत केलं. नवा पंतप्रधान, सतरा दिवसांचा. परराष्ट्रमंत्री गेला असता तर सरकारच गडगडलं असतं. म्हणून तो नुसता गर्जत नव्हता, वेळ काढत होता. डंकर्कहून माणसं निघेपर्यंत हा प्रश्न लोंबकळत ठेवायचा. सुरुवातीचा अंदाज ४५ हजार वाचतील असा होता, ४ जूनपर्यंत आले ३ लाख ३८ हजार. हा कावेबाज चर्चिल मला सिनेमातल्या हळव्या चर्चिलपेक्षा जास्त आवडला असता.

---

अर्धविराम

बाकीशून्य, मतभेद कुठे आहे, तुम्ही माझीच बाजू बळकट केलीत. कावा खोलीत चालतो, डब्यात नाही.

तुमच्या मुद्द्यात आणखी एक जोडतो. पाच जणांतले ॲटली आणि ग्रीनवूड हे मजूर पक्षाचे दोघे पहिल्यापासून वाटाघाटींच्या विरुद्ध होते. सिनेमात ते जवळजवळ फर्निचर आहेत. म्हणजे गणित असं: हॅलिफॅक्स एका टोकाला, चर्चिल अधिक मजूर पक्षाचे दोघे दुसऱ्या टोकाला, आणि मधे चेंबरलेन. तो ज्या बाजूला झुकेल तिकडे हुजूर पक्षाचे खासदार जाणार. तो सावकाश चर्चिलकडे झुकला. हिटलरशी म्युनिकचा करार करून जगाच्या टिंगलीचा विषय झालेल्या माणसानं शेवटच्या परीक्षेत योग्य उत्तर लिहिलं. सिनेमात हे सगळं त्याच्या हातरुमालावर भागवलंय. तो खिशातून रुमाल काढतो आणि मागचे बाक टाळ्या वाजवतात. दृश्य म्हणून झकास, पण त्याचं मन का बदललं ते प्रेक्षकाला कळत नाही.

आणि हा ॲटली १९२८ च्या फेब्रुवारीत सायमन कमिशनबरोबर मुंबईत उतरला होता. 'सायमन परत जा' त्यानंही ऐकलं. एकोणीस वर्षांनी स्वातंत्र्याचा कायदा त्याच्याच सरकारनं केला.

---

सदाशिव पेठी

ओळखीच्या माणसांचा विषय निघालाच आहे तर चर्चिलची आणि आमची ओळख जुनी. १८९६ च्या ऑक्टोबरात हा एकविशीचा पोरगा पलटणीबरोबर मुंबईला आला. ससून डॉकला छोट्या होडीतून उतरताना भिंतीतली लोखंडी कडी धरली, तेवढ्यात लाटेनं होडी खाली गेली आणि उजवा खांदा निखळला. जन्मभर तो खांदा त्याला छळत राहिला. पोलो खेळताना दंड बांधून खेळायचा आणि सुदानमधल्या ओमदुरमानच्या लढाईत तलवारीऐवजी पिस्तूल वापरलं ते त्यामुळेच. ससून डॉकच्या कडीनं साम्राज्याला पहिला हिसका दिला असं म्हणायला हरकत नाही.

तिथून स्वारी पुण्याला. गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्टच्या पंगतीला जेवून यानं भारताबद्दल मतं ऐकवली. भारतात येऊन किती दिवस झाले होते विचारू नका. त्याच सँडहर्स्टच्या गणेशखिंडीतल्या बंगल्यावरून आठ महिन्यांनी, २२ जून १८९७ च्या रात्री, रँड आणि आयर्स्ट परत निघाले आणि चापेकरांनी त्यांना गाठलं. तो बंगला म्हणजे आजच्या विद्यापीठाची मुख्य इमारत.

नंतर बंगळूरला गेला. तिथल्या क्लबात त्याच्या नावावर १३ रुपये बाकी आहेत, वसुली अशक्य म्हणून वहीत लिहिलेले. पुण्यात असता तर वसूल झाले असते.

---

तिरकस

विनोद झाले, आता उत्तर द्या. बंगाल?

---

बाकीशून्य

तिरकस, देतो. दुष्काळ एका कारणानं पडला नाही. १९४२ मध्ये ब्रह्मदेश जपानच्या हाती गेला, तिथला तांदूळ बंद. जपान्यांच्या हाती लागू नयेत म्हणून सरकारनं बंगालमधल्या होड्या जप्त केल्या किंवा मोडल्या, त्यामुळे कोळी आणि शेतकरी लंगडे झाले. ऑक्टोबर १९४२ चं चक्रीवादळ. युद्धाच्या खर्चानं भाववाढ, साठेबाजी, प्रांतिक सरकारचा नाकर्तेपणा. हे सगळं धरलं तरी लंडनची जबाबदारी उरतेच. भारतमंत्री ॲमरी १९४३ च्या उन्हाळ्यापासून जहाजं मागत होता, मिळाली ती अगदी तुटपुंजी. चर्चिलच्या बाजूनं सांगण्यासारखं एवढंच की एप्रिल १९४४ मध्ये त्यानं रूझवेल्टकडे जहाजं मागितली, त्यानं नकार दिला. तोवर लाखो मेले होते.

---

तिरकस

'बाजूनं सांगण्यासारखं एवढंच' हे आवडलं. आता ॲमरीचंच पुढे सांगा की. गोरखपूरला जन्मलेला, चर्चिलच्याच पक्षाचा, 'देवाच्या नावानं सांगतो, चालते व्हा' असं ७ मे १९४० ला चेंबरलेनला सुनावून चर्चिलचा रस्ता मोकळा करणारा. त्या माणसानं रोजनिशीत लिहून ठेवलंय की भारतीयांचा मला तिटकारा आहे असं चर्चिल म्हणाला. ऑगस्ट १९४४ मध्ये तर त्यानं चर्चिलला तोंडावर सांगितलं की तुमच्या आणि हिटलरच्या दृष्टीत मला फारसा फरक दिसत नाही. कुणा काँग्रेसवाल्यानं म्हटलेलं नाही हे. आणि इकडे आगाखान पॅलेसमध्ये गांधीजींनी फेब्रुवारी १९४३ मध्ये २१ दिवसांचा उपास केला तेव्हा साहेबांना संशय काय, तर पाण्यात ग्लुकोज घालत असतील. त्यांचे सचिव महादेवभाई आदल्या वर्षीच तिथे वारले होते, उपासाच्या पुढच्या वर्षी कस्तुरबाही तिथेच गेल्या.

माझं म्हणणं सिनेमा बघू नका असं नाही. अर्धविराम यांच्या 'सामना दुसरा' या कल्पनेत एक सोय आहे, तिला माझा आक्षेप आहे. पहिल्या सामन्यात चर्चिल हरला असं धरलंत तुम्ही. हरला कुठे? १९४० मध्ये पंतप्रधान झाला आणि पाच वर्षं तो पहिला सामना पुन्हा खेळत बसला, या वेळी पंचही तोच.

---

अर्धविराम

तिरकस, हे मान्य करण्यावाचून गत्यंतर नाही. मला म्हणायचं होतं ते एवढंच की त्याच्या दोन्ही भूमिका एकाच मुळातून येतात. साम्राज्य हे त्याला घरासारखं, त्यातली वीट कुणी मागितली की तो एकाच सुरात ओरडायचा, मग मागणारा गांधी असो की हिटलर. सुर एकच असल्यामुळे तीसच्या दशकात तो हिटलरबद्दल ओरडला तेव्हा ब्रिटिशांना वाटलं, हा भारताबद्दलही असाच ओरडत होता. ४ जूनच्या त्या गाजलेल्या भाषणाचा शेवट पाहा. 'किनाऱ्यांवर लढू' सगळ्यांना पाठ असतं, पण त्यापुढे तो म्हणतो की हे बेट पडलंच तर समुद्रापलीकडचं आमचं साम्राज्य लढाई चालू ठेवील. म्हणजे आपण. आपल्याला कुणी विचारलं होतं? ३ सप्टेंबर १९३९ ला व्हाइसरॉय लिनलिथगोनं परस्पर भारत युद्धात उतरल्याचं जाहीर केलं आणि त्यावरून मुंबईतल्या बाळासाहेब खेरांसकट काँग्रेसच्या मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले. ट्यूबच्या डब्यातल्या लोकांना विचारणारा हा सिनेमावाला चर्चिल मला म्हणूनच बोचला. त्यानं लोकांना विचारून निर्णय घेतल्याचं दाखवायचं असेल तर निदान कोणत्या लोकांना नाही विचारलं याची जाणीव हवी.

---

रानवाट

त्याच डब्यातली कविता कुणाची आहे बघा! चर्चिल सुरुवात करतो आणि कृष्णवर्णीय तरुण ती पुरी करतो: पूर्वजांच्या अस्थी आणि आपल्या देवांची मंदिरं राखताना, भयंकर संख्येच्या शत्रूला सामोरं जाऊन येणाऱ्या मरणापेक्षा चांगलं मरण कोणतं? ही मेकॉलेची. हो, तोच १८३५ च्या शिक्षणाच्या टिपणाचा मेकॉले, ज्याला आपण आजही व्हॉट्सॲपवर शिव्या घालतो. चर्चिलनं शाळेत असताना त्याच्या या रोमन पोवाड्यांच्या बाराशे ओळी न चुकता म्हणून बक्षीस मिळवलं होतं, त्यामुळे प्रसंग खोटा असला तरी कविता खोटी नाही.

गोष्ट अशी की रोमवर शत्रू चालून येतो आणि होरेशियस दोन सोबत्यांबरोबर टायबरवरचा पूल अडवून धरतो, मागे लोक पूल तोडेपर्यंत. मराठी माणसाला हे वाचताना घोडखिंड आठवल्याशिवाय राहत नाही. फरक इतकाच की होरेशियस नदीत उडी टाकून जिवंत परततो, आणि बाजीप्रभू विशाळगडाच्या तोफांची वाट बघत पडतात.

आणखी एक. टायबरच्याच वरच्या खोऱ्यात १० जुलै १९४४ ला मराठा लाइट इन्फंट्रीचा नाईक यशवंत घाडगे जर्मन मशीनगनच्या ठाण्यावर चालून गेला. बरोबरचे सगळे पडले होते. एकट्यानं ठाणं घेतलं आणि मग लपलेल्या बंदूकवाल्यांच्या गोळ्यांनी पडला. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस. वय २२. माणगावला (रायगड) त्याचा पुतळा आहे, मुंबई-गोवा रस्त्यावरून जाणाऱ्यांनी थांबून बघावा.

---

कृष्णाकाठ

रानवाट, अंगावर काटा आला. डंकर्कलाही आपले होते ना? कुठंतरी खेचरांबद्दल वाचलेलं.

---

बाकीशून्य

होते. फ्रान्सच्या चिखलात आणि बर्फात मोटारी रुतत होत्या, म्हणून खेचरांच्या चार भारतीय तुकड्या डिसेंबर १९३९ मध्ये मुंबईहून मार्सेयला गेल्या. बहुतेक जवान पंजाबी मुसलमान. त्यांतले काही जण डंकर्कहून परतले, एक तुकडी जर्मनांच्या हाती लागली. खेचरं अर्थात तिथेच सोडावी लागली. २०१७ मध्ये डंकर्कशी संबंधित दोन मोठे सिनेमे आले, दोन्हींत हे नाहीत.

---

संपादक मंडळ

बंगालच्या दुष्काळावर आणखी चर्चा करायची असल्यास स्वतंत्र धागा काढावा. दोन प्रतिसाद वैयक्तिक रोखाचे असल्यानं अप्रकाशित केले आहेत.

---

आळशीराजा

शेवटी बघितला! ट्यूबचा प्रसंग मला आवडला. आता मारा.

पण एक विचारतो. आपल्याकडे असा सिनेमा का होत नाही? म्हणजे नेत्याचा जन्म, बालपण, लग्न, तुरुंग, अंत्ययात्रा असा तीन तासांचा देखावा नव्हे. तीन दिवस, एक खोली, एक निर्णय.

---

सदाशिव पेठी

सामग्री घरातच आहे. यशवंतराव चव्हाण. २१ नोव्हेंबर १९६२ ला संरक्षणमंत्री म्हणून शपथ घेतली, नेमका त्याच दिवशी चीननं युद्धबंदी जाहीर केली. 'हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला' हे सगळ्यांना पाठ, पण धावत पोचला तेव्हा समोर हरलेलं सैन्य आणि खचलेले नेहरू होते. हे कुणी दाखवलंय?

---

बाकीशून्य

त्याहून १९६५ घ्या. १ सप्टेंबरला छांबमध्ये पाकिस्तानी रणगाडे घुसले. दुपारी चव्हाणांच्या दालनात लष्करप्रमुख चौधरी आणि हवाई दलाचे अर्जनसिंग. विमानं वापरायची परवानगी हवी, आणि दिवस मावळायला थोडाच वेळ. हवाई दल उतरवलं की युद्ध पसरणार हे उघड. चव्हाणांनी मंत्रिमंडळाची वाट न बघता तिथल्या तिथे हो म्हटलं. संध्याकाळी पठाणकोटहून विमानं उडाली, त्यातली चार जुनी व्हँपायर त्याच संध्याकाळी पडली. म्हणजे ज्यानं हो म्हटलं त्याच्या टेबलावर काही तासांत ही बातमी. चव्हाण त्या काळात रोज टिपणं लिहीत होते, त्यांचे खासगी सचिव राम प्रधान यांनी ती २००७ मध्ये पुस्तकरूपानं आणली.

---

तिरकस

यावर सिनेमा निघाला तर पहिल्या दिवशीचा पहिला खेळ माझा. आणि बाकीशून्य, त्या टिपणांवर वेगळा धागा काढा, इथे प्रतिसादांत दडवू नका.